बॅकअपची खरेदी उलट्या टोकाकडून

२६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्या हलवायचं काम चालू होतं, तिथून सुरुवात झाली. सातशेहून अधिक सरकारी यंत्रणा बंद पडल्या. बऱ्याचशा पुढे हळूहळू उभ्या राहिल्या, पण 'जी-ड्राइव्ह' गेली ती गेलीच. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फायली ठेवायची ही सामायिक जागा. सुमारे सव्वा लाख लोक ती वापरत होते, आणि आत ८५८ टेराबाइट डेटा होता. बाहेर त्याची दुसरी प्रत नव्हती. आकार फार मोठा आणि साठवण संथ, म्हणून बाहेर बॅकअप ठेवता आला नाही, असं कारण पुढे आलं.

बातमी वाचून मी आधी कॅल्क्युलेटर काढला. बॅकअपसाठी वापरतात त्या एलटीओ-९ जातीच्या एका टेपवर १८ टेराबाइट मावतात. ८५८ भागिले १८, म्हणजे ४८ टेप. एक टेप साधारण तळहाताएवढी. अठ्ठेचाळीस टेप एका प्रवासी बॅगेत बसतील, आणि ती बॅग एक माणूस उचलेल. लिहायचा वेग सेकंदाला ४०० मेगाबाइटपर्यंत. एका ड्राइव्हवर पंचवीस दिवस, चार ड्राइव्ह लावले तर आठवडाभर. कोट्यवधी बारीक फायली असल्या की हा वेग मिळत नाही, म्हणून तिप्पट वेळ धरा. तरी तीन-चार आठवडे. तेही एकदाच. त्यानंतर रोज फक्त जे बदललं तेवढंच.

हे गणित अवघड नाही. पण ते खरेदीच्या आधी कुणी मांडत नाही, हे मात्र मी पुष्कळदा पाहिलंय. डेटा सेंटर सेवा चालवणारे लोक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: "बॅकअपला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?" हे म्हणजे लग्न ठरायच्या आधी हॉल बुक करण्यासारखं. सॉफ्टवेअर हा तिसरा किंवा चौथा प्रश्न आहे. सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायची. सगळं गेलंय असं धरायचं आणि विचारायचं, परत काय आणायचंय, किती वेळात, आणि कुठल्या वायरीतून?

समजावण्यासाठी एक नमुना घेऊ. नवी मुंबईत महापे किंवा ऐरोलीला भाड्याच्या जागेत आपले काही रॅक, म्हणजे सर्व्हरची कपाटं, आहेत. त्यांवर १२० व्हर्च्युअल सर्व्हर (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने थाटलेले अनेक सर्व्हर) चालतात: कुणा पतसंस्थेचं, कुणा हॉस्पिटलचं, कुणा कारखान्याच्या हिशेबाचं. सगळा मिळून डेटा ४० टेराबाइट, आणि रोज त्यातला साधारण ८०० गिगाबाइट बदलतो. हा आकडा अंदाजाने धरू नका. हायपरव्हायजरच्या (व्हर्च्युअल सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) किंवा आहे त्या बॅकअपच्या नोंदींतून पंधरा दिवसांचा काढा. महिनाअखेर त्यात आली पाहिजे, कारण तेव्हा हिशेबाचे सर्व्हर उसळतात.

ग्राहकाला विचारायचे दोन प्रश्न

पहिला: किती वेळाचं काम गेलं तर चालेल? इंग्रजी आद्याक्षरांत याला आरपीओ म्हणतात. रात्री अकराला बॅकअप होतो आणि दुपारी चारला सर्व्हर मेला, तर सतरा तासांच्या नोंदी गेल्या. हॉस्पिटलला ते चालणार नाही. एखाद्या कंपनीच्या माहितीपर वेबसाइटला आठवडाही चालेल.

दुसरा: किती वेळात परत उभं राहायला हवं? हा आरटीओ. आपल्याकडे आरटीओ म्हटलं की लायसन्सची रांग आठवते, आणि बॅकअपच्या जगातही त्याचा संबंध वाट बघण्याशीच आहे.

"कुठलाही डेटा जाता कामा नये आणि लगेच सुरू झालं पाहिजे" असं प्रत्येक ग्राहक म्हणतो. त्यावर वाद घालायचा नाही, दरपत्रक ठेवायचं. पंधरा मिनिटांच्या आरपीओची महिन्याची किंमत इतकी, चोवीस तासांच्या आरपीओची इतकी. किंमत दिसली की १२० पैकी दहा-पंधराच सर्व्हर पहिल्या रांगेत राहतात आणि बाकीचे आपणहून मागे सरकतात. ही रांग ठरली की निम्मी खरेदी ठरली.

बॅकअप नसलेल्या गोष्टी

हे पटकन उरकतो, कारण बहुतेकांनी ऐकलंय, पण निविदेत अजूनही गोंधळ दिसतो. रेड (अनेक डिस्कची एकत्र जोडणी) म्हणजे गाडीतली स्टेपनी. एक डिस्क गेली तर प्रवास थांबत नाही, पण गाडीच चोरीला गेली तर स्टेपनीही जाते. रेप्लिकेशन (दुसऱ्या यंत्रावर सतत चालणारी नक्कल) म्हणजे आरसा. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली, तीही तत्परतेने. स्नॅपशॉट (डेटा एका क्षणी कसा होता याची त्याच साठवणीतली नोंद) म्हणजे पुस्तकात घातलेली खूण. मागच्या पानावर झटकन जाता येतं, पण पुस्तक जळलं की खूणही जळते. तिन्ही हवेतच. फक्त त्यांना बॅकअप म्हणू नका.

आणि बॅकअप म्हणजे नुसती फाइल कॉपी करणंही नाही. वहीत कारकून जमा लिहून नावे लिहायच्या बेतात आहे आणि आपण त्याच क्षणी पानाचा फोटो काढला, तर फोटोतला हिशेब जुळणार नाही. चालू डेटाबेसच्या फायली तशाच उचलल्या की असंच होतं. म्हणून सॉफ्टवेअरने डेटाबेसला क्षणभर "हातातलं पुरं कर" असं सांगता आलं पाहिजे. विंडोजमध्ये त्यासाठी व्हीएसएस नावाची सोय आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये बदलांचा लॉग सतत बाजूला साठवून हव्या त्या मिनिटाला परत जाता येतं. पहिल्या रांगेतल्या ग्राहकांना हेच लागतं.

नळ बारीक, टाकी मोठी

आता मुख्य गणित. सोसायटीची टाकी रात्रभर बारीक नळाने भरते, कुणाची तक्रार नसते. सकाळी सात वाजता सगळे एकदम नळ सोडतात तेव्हा पाइपची जाडी कळते.

१ गिगाबिटच्या नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइट मिळतात असं धरू (आठ बिटांचा एक बाइट). रोजचे बदललेले ८०० गिगाबाइट जायला सुमारे दोन तास. रात्री अकराला सुरू, एकला संपलं. दोन वर्षं सगळं सुरळीत चालतं, अहवालात हिरव्या खुणा येतात. मग एके दिवशी मुख्य स्टोरेज बसतं आणि ४० टेराबाइट परत आणायचे असतात. त्याच वायरीतून त्याला लागतात १०१ तास. चार दिवस आणि वर पाच तास. बॅकअप शाबूत आहे, सॉफ्टवेअर उत्तम आहे, आणि ग्राहक चौथ्या दिवशी वकिलाशी बोलतोय.

तीच जोडणी १० गिगाबिटची केली की दहा तासांवर येते. कार्डं, स्विच आणि केबल यांचा हा खर्च सॉफ्टवेअरच्या वार्षिक लायसन्सपुढे बहुधा किरकोळ असतो. तरी कोटेशनमध्ये सगळ्यात आधी कात्री त्यालाच लागते, कारण रोजच्या बॅकअपला त्याची गरज दिसत नाही.

वायर जाड केली की अडचण डिस्कवर जाते. फिरत्या डिस्क सलग वाचायला चांगल्या, इकडचं-तिकडचं वाचायला वाईट. आणि आजच्या बॅकअप साठवणीत डेटा इकडे-तिकडेच असतो, कारण डीडुप्लिकेशन. १२० विंडोज सर्व्हरमध्ये त्याच सिस्टिम फायली १२० वेळा कशाला ठेवायच्या? सॉफ्टवेअर डेटाचे तुकडे करतं, सारखा तुकडा एकदाच ठेवतं आणि बाकी ठिकाणी नुसती चिठ्ठी. जागा भरपूर वाचते. परत आणताना मात्र चिठ्ठ्या वाचत हजारो जागांवरून तुकडे गोळा करावे लागतात. "आमचं यंत्र वीसपट जागा वाचवतं" असं विक्रेता सांगतो तेव्हा मी एवढंच विचारतो: "रिस्टोअरचा वेग किती, तो लिहून द्या." शिवाय व्हिडिओ, स्कॅन केलेले कागद, आधीच एन्क्रिप्ट केलेला डेटा यांत सारखे तुकडे जवळजवळ सापडतच नाहीत. हॉस्पिटलच्या एक्स-रेवर वीसपट वगैरे काही मिळत नाही.

व्हर्च्युअल सर्व्हर परत न आणता थेट बॅकअपच्या पेटीवरूनच (बॅकअपच्या डिस्क असलेल्या यंत्रावरून) चालू करायची सोय आता बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. डेमोत फार छान दिसते. पण मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी एक डिस्क सेकंदाला साधारण शंभराच्या आसपास सुट्या मागण्या पुऱ्या करते. बारा डिस्क म्हणजे हजार-बाराशे. त्यावर पाच-सहा सर्व्हर रांगत चालतील, १२० नाहीत. म्हणून शेवटच्या काही दिवसांचा बॅकअप एसएसडीवर (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कवर) आणि त्याआधीचा फिरत्या डिस्कवर, अशी दुमजली रचना करावी. महाग पडते, पण पहिल्या रांगेतल्या दहा-पंधरा सर्व्हरपुरती केली तर परवडते.

पेटी किती मोठी

४० टेराबाइटची पूर्ण प्रत आवळून साधारण २७ होते. तीस दिवसांचे रोजचे बदल, तेही आवळून, १६. वर्षभराच्या बारा मासिक प्रतींना प्रत्येकी चारेक टेराबाइट नवीन धरले तर ४८. बेरीज ९१. वर्षाला वीस टक्के वाढ, तीन वर्षं: १५७. आता १६ टेराबाइटच्या बारा डिस्क, त्यातल्या दोन सुरक्षेच्या, उरलेल्या दहांत १६० टेराबाइट. कागदावर बसलं, पण जेमतेम. बॅकअपची साठवण ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर गेली की जुन्या प्रती काढून नव्या बसवायचं काम रखडायला लागतं. मी चोवीस स्लॉटची पेटी घेऊन चौदा डिस्कने सुरुवात करीन.

दोन डिस्क सुरक्षेला का, एक का नाही? १६ टेराबाइटची डिस्क बदलली की नवी भरायला, २०० मेगाबाइटचा वेग अखंड मिळाला तरी बावीस तास जातात. चालू कामात दोन-तीन दिवस. तेवढ्यात त्याच खेपेतली, त्याच वयाची दुसरी डिस्क गेली की खेळ खलास. आणि डिस्क घेताना ती एसएमआर जातीची नाही ना, हे बघा. त्या स्वस्त असतात, कारण त्यांत ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. रेड पुन्हा भरताना त्या गुडघे टेकतात.

टेपबद्दल थोडं जास्त

टेप म्हटलं की पोरं हसतात. २०११ च्या फेब्रुवारीत एका सॉफ्टवेअर चुकीमुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांची पत्रं नाहीशी झाली होती. एकाहून अधिक डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, पण चूक सगळीकडे पोचली. पत्रं परत आली ती टेपवरून. टेपला वायर नसते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. कपाटातल्या टेपला कुठलाही हॅकर दुरून हात लावू शकत नाही.

पण घेताना चार गोष्टी ठाऊक हव्यात. ड्राइव्ह महाग, टेप स्वस्त. त्यामुळे दहा-वीस टेराबाइटसाठी टेप परवडत नाही, शंभराच्या पुढे परवडायला लागते. टेप ड्राइव्हला डेटा सलग लागतो. तो थांबत थांबत आला तर टेप थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते, आणि यात वेळ जातोच, टेपही झिजते. म्हणून आधी डिस्कवर आणि तिथून टेपवर. एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा आत घातली की ड्राइव्ह तिचं मोजमाप घेतो. साधारण चाळीस मिनिटं, कधी दोन तासही. नव्या माणसाला वाटतं ड्राइव्ह अडकला, आणि तो बटण दाबून टेप बाहेर काढतो. काढू नका.

पिढ्यांचाही घोळ आहे. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचत. ८ आणि ९ फक्त एक पिढी मागे जातात. २०२५ मध्ये आलेला एलटीओ-१० मागची एकही वाचत नाही. आठ वर्षं सांभाळायच्या टेपसाठी आठ वर्षं चालणारा ड्राइव्हही सांभाळावा लागतो, आणि हे देखभाल करारात लिहून घ्यावं लागतं.

आणि हवा. टेप वर्षानुवर्षं टिकवायची तर तापमान १६ ते २५ अंश आणि आर्द्रता २० ते ५० टक्के लागते. जुलैतली मुंबई-कोकणातली हवा या आकड्याच्या जवळपासही येत नाही. ऑफिसातल्या गोदरेज कपाटात लोणच्याच्या बरणीसारख्या टेप ठेवणारे लोक मी पाहिलेत. एसी रात्री बंद होतो हे त्यांच्या लक्षात नसतं.

टेप नको असेल तर क्लाउडची थंड साठवण आहे, मासिक भाडं अगदी कमी. पण कराराची बारीक अक्षरं वाचा. अॅमेझॉनच्या सगळ्यात थंड वर्गात फाइल मागितल्यावर ती मिळायला नेहमीच्या मार्गाने बारा तासांपर्यंत लागतात, स्वस्त मार्गाने ४८. किमान १८० दिवसांचं भाडं भरावं लागतं, आधी पुसली तरी. डेटा बाहेर काढायचे पैसे वेगळे. ठेवणं स्वस्त, सोडवून आणणं महाग, सावकाराकडच्या गहाणासारखं.

आता सॉफ्टवेअर

इथवर आलो की सॉफ्टवेअरची यादी आपोआप आखूड होते. पैसे देऊन घ्यायच्यांत व्हीम, कॉमव्हॉल्ट, नेटबॅकअप ही नावं कानावर येतील. फुकट, खुल्या जातीच्यांत बाक्युला, बेरिऑस, प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, आणि लिनक्सवाल्यांचे लाडके बोर्ग आणि रेस्टिक.

माझं मत सरळ सांगतो. नुसतं प्रॉक्समॉक्स हे खुलं हायपरव्हायजर चालवत असाल तर त्यांचाच बॅकअप सर्व्हर घ्या, दुसरीकडे बघायची गरज क्वचितच पडते. टेपवर मदार असेल आणि कॉन्फिगरेशनच्या फायली लिहायचा कंटाळा नसलेला माणूस हाताशी असेल, तर बाक्युला भक्कम आहे. तो माणूस सोडून गेला तर मात्र ते कॉन्फिगरेशन मोडी लिपीतल्या दप्तरासारखं होतं. विंडोज, एसक्यूएल सर्व्हर, निरनिराळे हायपरव्हायजर, ग्राहकाला स्वतः फाइल परत घेता यावी अशी खिडकी, असं सगळं एका छताखाली हवं असेल तर पैसे मोजा.

पैसे मोजताना लायसन्स कशावर आहे ते बघा: प्रोसेसरच्या सॉकेटवर, सर्व्हरच्या संख्येवर, की टेराबाइटवर. टेराबाइटवर असेल तर मूळ डेटाच्या की साठवलेल्या? आपल्या नमुन्यात मूळ ४० आणि साठवलेला ९१. फरक दुपटीहून जास्त. सेवा देणाऱ्यांसाठी बहुतेक कंपन्या महिन्याच्या भाड्याने वेगळं लायसन्स देतात. आपल्या स्वतःच्या वापराच्या लायसन्सवर ग्राहकांचा बॅकअप घेणं कराराच्या बाहेर जाऊ शकतं.

आणि एकाच हायपरव्हायजरशी लग्न लावणारं सॉफ्टवेअर टाळा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही हायपरव्हायजर बनवणारी कंपनी विकत घेतली, कायमची लायसन्स विकणं बंद करून सगळं वार्षिक वर्गणीवर नेलं, आणि छोट्या सेवाचालकांची पळापळ झाली. ज्यांचा बॅकअप फक्त व्हीएमवेअरच ओळखत होता, त्यांना दोन घरं एकदम बदलावी लागली. व्हीमने प्रॉक्समॉक्सची सोय दिली ती २०२४ मध्ये.

सॉफ्टवेअरमधली एक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे त्याची स्वतःची सूची: कुठल्या दिवशीची कुठली फाइल कुठल्या टेपवर, कुठल्या तुकड्यात आहे. बॅकअप सर्व्हर जळाला आणि सूची त्यातच होती, तर अख्ख्या टेप वाचून ती नव्याने तयार करावी लागते. तसंच एन्क्रिप्शनची किल्ली. ती पासवर्ड सांभाळणाऱ्या सर्व्हरमध्ये ठेवली आणि तो सर्व्हरही याच बॅकअपमधून परत आणायचा असेल, तर किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. कागदावर छापा, पाकीट सील करा, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि ग्राहकाची किल्ली ग्राहकाकडेच राहणार असेल तर "किल्ली हरवल्यास डेटा परत मिळणार नाही" या वाक्यावर त्याची सही घ्या.

पुसायचा अधिकार कुणाकडे

खंडणीखोर व्हायरस सोडणारे लोक आता आधी बॅकअप शोधतात. तो पुसला की पैसे मिळायची खात्री. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. पाच सर्व्हर, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद. जवळपास दोन आठवडे देशातलं एक अग्रगण्य सरकारी हॉस्पिटल कागद-पेनावर चाललं. ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या यंत्रणेचा डेटा परत आला, कारण एका बॅकअप सर्व्हरपर्यंत हल्ला पोचला नव्हता. सरकारने संसदेत हे सांगितलं.

तो सर्व्हर वाचावा अशी व्यवस्था आपण आधीच करायची. बॅकअप सर्व्हर कंपनीच्या विंडोज डोमेनमध्ये (सगळ्यांचं लॉगिन एकाच ठिकाणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) जोडायचा नाही, म्हणजे डोमेनचा पासवर्ड चोरणाऱ्याला इथलं दार उघडत नाही. लॉगिन वेगळं, शक्यतो नेटवर्कही वेगळं. आणि निदान एक प्रत अशी, जी ठरलेल्या दिवसांपर्यंत खुद्द आपल्यालाही पुसता येणार नाही. लिनक्सवर फाइल गोठवून ठेवणारी साठवण, क्लाउडमधलं ऑब्जेक्ट लॉक, किंवा एकदाच लिहिता येणारी टेप, यातलं काहीही. ऑब्जेक्ट लॉकमध्ये दोन प्रकार असतात: एकात खास अधिकार असलेल्याला कुलूप काढता येतं, दुसऱ्यात मुदत संपेपर्यंत कुणालाच नाही. दुसरा प्रकार लावताना मुदत दोनदा तपासा. तीस दिवसांऐवजी तीन हजार टाइप झालं तर आठ वर्षं भाडं भरत बसाल.

हल्लेखोरच लागतो असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात महासंगणकाच्या बॅकअपची स्क्रिप्टच चालता चालता मध्येच नव्याने बदलली गेली. जुन्या लॉग फायली साफ करायच्या त्या स्क्रिप्टला कुठलं फोल्डर साफ करायचं ते नाव रिकामं मिळालं, आणि तिने संशोधकांच्या खऱ्या फायली पुसल्या. ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फायली.

दुसरी प्रत किती लांब

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक लांब: हा जुना नियम अजून खरा आहे. प्रश्न 'लांब' म्हणजे किती हा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांना कळलं की आपला बॅकअपही त्याच इमारतीत होता. शेजारच्या रॅकला 'दुसरी जागा' म्हणू नका.

महाप्याहून पुणे बरं आहे: घाट मध्ये आहे, २६ जुलै २००५ सारखा पाऊस एकाच वेळी दोन्हीकडे तितकाच पडणार नाही. पण दोन्ही एकाच राज्याच्या वीजजाळ्यावर. पहिल्या रांगेतल्या ग्राहकांसाठी हैदराबाद किंवा चेन्नई धरा. परदेश मात्र जपून. कंपन्यांच्या हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा, असा बदल ऑगस्ट २०२२ मध्ये नियमांत झालाय. आधी 'ठराविक काळाने' असं होतं. आणि सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा सेंटरांना १८० दिवसांचे लॉग सांभाळावे लागतात. हे लॉग बॅकअपच्या यादीत घालायला लोक हमखास विसरतात.

पहिली प्रत लांब पोचवायची कशी, हीही गंमत आहे. १०० मेगाबिटच्या लाइनवर ४० टेराबाइटना बेचाळीस दिवस लागतात. त्यापेक्षा तीन टेप गाडीत घाला आणि एक्स्प्रेसवेने पुण्याला न्या. साडेतीन तासांत पोचलात तर तुमच्या गाडीचा वेग सेकंदाला २५ गिगाबिट पडला, खालापूरच्या टोलनाक्यावरचा वेळ धरून. टेप लिहायला आधी दीड दिवस गेला, ते सोडून द्या.

हिरवी खूण

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्या (प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या सेवेच्या) एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसचं फोल्डर पुसलं. सुमारे ३०० गिगाबाइट होतं. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, ऐनवेळी भरवशाची एकही निघाली नाही. रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण बॅकअपचं साधन एका आवृत्तीचं आणि डेटाबेस दुसऱ्या. 'बॅकअप फसला' असं सांगणारे ईमेल जात होते, पण सही-शिक्क्याच्या तांत्रिक कारणावरून मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेला एक स्नॅपशॉट सापडला, आणि तो संथ डिस्कवरून कॉपी व्हायला सुमारे अठरा तास लागले. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं.

म्हणून "फसला तर कळव" अशी व्यवस्था अपुरी आहे. "झाला असं कळलं नाही तर घंटा वाजव" अशी हवी. आणि महिन्यातून एक सर्व्हर, चिठ्ठी टाकून निवडलेला, वेगळ्या नेटवर्कवर परत उभा करायचा आणि ग्राहकाच्याच माणसाला लॉगिन करून कालची एखादी पावती काढायला सांगायची. लागलेला वेळ वहीत लिहायचा.

खरेदीआधीही हेच. डेमोसाठी विक्रेता स्वतःचा नमुना सर्व्हर आणतो, चाळीस गिगाबाइटचा, लख्ख धुतलेला. तो राहू दे. आपला सगळ्यात अवजड सर्व्हर द्या, डेटाबेससकट, आणि परत आणायला सांगा. आम्ही एकदा दोन टेराबाइटचा दिला होता. कंपनीचं नाव राहू दे, पेटी महागातली होती. सकाळी साडेदहाला रिस्टोअर सुरू झालं. जेवून आलो तेव्हा एकतीस टक्के. चार वाजता त्यांच्या इंजिनिअरने पुण्याच्या परतीच्या बसची वेळ विचारली. मी वहीत लिहिलं: साडेपाच तास, चोपन्न टक्के, चालू.